खांबांच्या बंगल्यातले टाक

अण्णा,

आज परत तुमच्या त्या खांबांच्या बंगल्यात जाऊन आले. पवनेकाठी कुणा गोऱ्या साहेबाने बांधलेलं ते दगडी ढोंग. पुढे जाडजूड गोल खांब, वर त्रिकोणी कपाळ आणि मागे बेताच्याच खोल्या. भोवती कारखाने आले तसं सरकारने तिथे संग्रहालय काढलं आणि थेरगावच्या शाळेतल्या मास्तरांना, म्हणजे तुम्हाला, कमिटीवर घेतलं. तेव्हापासून तुम्ही भर उन्हाळ्यातही कोट घालायला लागलात.

काचेची कपाटं रिकामी दिसत होती म्हणून तुम्ही घरोघर जुन्या वस्तू मागत हिंडलात. गावाने मोडकी तलवार, गंजका अडकित्ता असलं काहीबाही दिलं. तुम्ही मात्र आईच्या देव्हाऱ्यातले खंडोबा-म्हाळसेचे चांदीचे टाक उचलून नेलेत, तिच्या सासूने तिच्या हाती सोपवलेले, आणि त्यांच्या जागी कॅलेंडरातला खंडोबा कापून चिकटवलात. आई गप्प राहिली. तुम्हाला ती संमती वाटली. सोयीचं असेल तेवढंच तुम्हाला ऐकू यायचं.

चंपाषष्ठीला ती मला घेऊन तिथे आली. तळी उचलायला पुरुषमाणसं लागतात, तिच्याजवळ परकरातली मी होते. काचेसमोर तिने ताम्हण वर धरलं, हळूच येळकोट म्हटला आणि भंडारा उधळला. तेवढ्यात तुम्ही पुण्याच्या मोठ्या साहेबांना घेऊन आत येता. काचेवर पिवळं, फरशीवर पिवळं. साहेब विचारतात, ही बाई कोण?

"गावातली आहे कुणीतरी, साहेब. अडाणी लोक."

आईने रिकामं ताम्हण पदराखाली घेतलं. "माझं देव हायेत आत," ती म्हणाली. "निघते मी, मास्तर."

त्या दिवसापासून घरातही ती तुम्हाला मास्तरच म्हणत राहिली, अगदी शेवटपर्यंत. तुम्हाला तो मान वाटला असेल तर मला नवल नाही.

टाकांखालच्या पाटीवर देणगीदार म्हणून अजून तुमचंच नाव आहे. ते वाचून मला तुमची कीव येत नाही, किळस येते. आज चंपाषष्ठी, म्हणून रुमालाच्या गाठीत भंडारा बांधून नेला होता. मी बराच वेळ काचेपाशी रेंगाळले तेव्हा रखवालदाराने सरळ विचारलं, तुमच्या घरातले आहेत का हे टाक. शेजारी इंग्रजी बोलणारं, चांगल्या कपड्यांतलं एक कुटुंब उभं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मी म्हणाले, नाही हो, मी खांब बघायला आलेय.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र पाठवायची सोय असती तरी आता पाठवलं नसतं, अण्णा. रुमालाची गाठ अजून तशीच आहे.