लाल ठिपका वरच्या बाजूला

१४ जून १९८१, पवनी
डबा चालला! घरची दोनशे तीस व्होल्टची लाइन आत, सहा व्होल्ट बाहेर, आणि चार सेलांचा ट्रान्झिस्टर सेलांशिवाय गातोय. ट्रान्सफॉर्मर नाही. तांब्याची तार गरिबाला परवडत नाही, म्हणून सगळा दाब एक कंडेन्सर पोटात घेतो. एक डायोड, दाब सहावर धरायला एक झेनर, वर साबणाची डबी. ही म्हणाली, "आता साबण कुठे ठेवू?" संशोधकाच्या बायकोने असं विचारू नये.

१७ जून
एक खोट आहे. पिनेची एक तार थेट रेडिओत जाते. पिन सरळ खोचली तर ठीक. उलटी खोचली तर रेडिओच्या पुढच्या पत्र्याच्या जाळीत लाइन उतरते, हात लावणाऱ्याला झटका. ट्रान्सफॉर्मर असता तर हे झालंच नसतं. नववीला दरवर्षी मीच शिकवतो.
उपाय: घरोघरी जाऊन टेस्टर लावायचा, सरळ बाजू बघायची, पिनेच्या त्या बाजूला हिच्या नखरंगाचा ठिपका. लाल वर. संपलं.

२ ऑगस्ट
पाच घरी डबे गेले. पहिला डोमाजीकडे. तलावावर मासे धरतो, टोलीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत राहतो. "आता सेलासाठी बजारात जा लागत नाही जी, मास्तर." त्याला तीनदा बजावलं, लाल वर. त्यानेही तीनदा मान हलवली.
साप्ताहिकातल्या माझ्या सदरात या वेळी वीजवाल्यांच्या 'सावधान' पाट्यांची टिंगल. कवटी ताजी रंगवलेली, खांब वाकलेला. स्टाफरूम हसली. मीही.

९ ऑक्टोबर
काल दसरा. आज सकाळी निरोप, डोमाजीला रेडिओने फेकलं.
सायकलने गेलो. जिवंत आहे. उजव्या हाताची तीन बोटं पांढरी, वाकत नाहीत. तलावावरून ओल्या अंगाने आला आणि आवाज वाढवायला जाळीवर हात टेकला.
पिन पाहिली. दोन्ही बाजूंना लाल.
त्याची बायको भागाबाई म्हणाली, "पूजा केली ना जी. जाळं, कोयता, रेडू, सबन पुजलं. पिनले बी कुकू लावलं."
"दोन्ही बाजूंना?"
"मंग? एकाच अंगाले लावाचं काय?"
पूजेसाठी पिन काढली, पुसली, कुंकू लावलं, खोचली. तिचं काय चुकलं? लाल ही खूण फक्त मलाच सुचते असं समजणारा मी.
डोमाजी म्हणाला, "माह्याच ओल्या हाताचा दोष. डब्बा त चांगला आहे ना, मास्तर?"
चांगला आहे, म्हणालो. कुंकू पुसलं, पिन सरळ केली, चहा प्यालो. साखर जास्त घातली होती, माझ्यासाठी.

१२ ऑक्टोबर
बाकीचे चार डबे परत आणले. सगळीकडे एकच थाप, "सुधारून देतो." एकाने तर सुधारलेल्यात घड्याळही बसवा म्हटलं.
डोमाजीचा आणला नाही. आणला असता तर का, हे सांगावं लागलं असतं. तसाही तो आता हात लावायला भितो, पडून राहील.
ही विचारत होती, "तुम्हाला आधी माहीत होतं ना?" पेपर तपासत असल्याचं दाखवलं. ती पेपरकडे बघत राहिली. कोरी पुरवणी होती ती.

३० ऑक्टोबर
बाजारात डोमाजी. मासे भागाबाई तोलत होती, तो नुसता बसून. बोटं तशीच. जाळं फेकता येत नाही.
"डब्बा अन् रेडू यमुनाले देऊन टाकला, भाऊबीजेले. लेकीच्या घरी लाइन आली ना. तुमी म्हनलं चांगला आहे, मंग कायले पडून ठेवाचा?"
यमुना नाकाडोंगरीला दिलेली. घरात रांगतं पोर.
मी म्हणालो, "बरं केलं." हे मी म्हणालो.

१ नोव्हेंबर
नाकाडोंगरी. दिवाळीची सुट्टी. घरी बाजाराचं निमित्त, इथे पक्कड खिशात.
दारातूनच दिसलं, पोर रेडिओच्या जाळीवर दोन्ही हातांनी तबला वाजवत होतं. पिन नशिबाने सरळ. नशिबानेच, कारण दोन्ही बाजूंना दिवाळीचं कुंकू.
पिन उपटली, तार कापली. यमुना ओरडलीच, "काहून कापलं जी? गानं चालू होतं!"
सांगितलं. सगळं. बापाचा हात चुकला नव्हता, माझा डबा चुकला होता, आणि मला माहीत होतं. तिने पोराला उचलून कडेवर घेतलं, त्याचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाली, "बाबाले तुमीच सांगा. मी सांगन त मलेच म्हणन, मास्तराले नावं ठेवतेस काय."
पाणी दिलं. चहा विचारला नाही. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर
तलावाच्या पाळीवर बसून लिहितोय. बसमध्ये चार वाक्यं जुळवली. चारही छान, छापण्यासारखी. म्हणून खोडली.
खाली डोमाजी डाव्या हाताने जाळं ओढतोय. अर्धं येतं, परत जातं. डबा माझ्या पिशवीत.
त्याने मला पाहिलं. उजवा हात वर केलाय, बोटं अर्धवट मिटलेली. "मास्तर! नवा डब्बा आणला काय?"
चढून वर येतोय. मीच खाली जायला हवं