पृष्ठ १४२ ते १४५ यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकांच्या सूची करणे, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत करते आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारे बहुतेक माझ्या आधीच गेले. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले, मध्ये अडखळले ते डॉक्टर.

१. आधी धंद्याबद्दल, कारण बाकी सगळे त्यातूनच आले. पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात यादी असते, कोणता विषय आणि कोणते माणूस कुठल्या पानावर, ती कोणीतरी बसून केलेली असते. एक्केचाळीस वर्षे ती मी केली. दारूपायी मोडलेली घरे, मनोरुग्णालये, श्रद्धा, अश्रद्धा, शिवणाच्या कारखान्यातल्या बायका आणि लोकांच्या घराण्यांचे इतिहास, अशी पुस्तके माझ्या हाताखालून गेली. कादंबरीला सूची लागत नाही, त्यामुळे खोट्या माणसांशी माझा फार संबंध आला नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांवरच्या एका पुस्तकात ‘सहनशीलता’ या शब्दापुढे मला एकोणचाळीस पाने नोंदवावी लागली आणि ‘पोलीस’पुढे दोन. या पुस्तकांनी मला पोसले आणि थोडेफार शहाणेही केले. त्यांचे उपकार फिटण्यातले नाहीत.

२. माझी सर्व पुस्तके कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावीत. काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नयेत. ग्रंथपालांना याचा राग येईल. येऊ दे. किल्ली कुठे आहे ते त्यांनाच आठवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

३. चिठ्ठ्यांचे खोके, भिंग आणि लांब पात्याची कात्री छापखानावालीला. तिच्या वडिलांनी मला पहिले काम दिले आणि माझ्या पहिल्या सूचीतल्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या. अशी माणसे आता मिळायची नाहीत.

४. ज्या प्राध्यापकांनी आपल्या सहाशे पानी ग्रंथाच्या ऋणनिर्देशात बायको, सासरे आणि मांजर यांचे आभार मानले पण माझे मानले नाहीत, त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. मांजर हयात असती तर तिला ठेवले असते.

५. आता ज्याच्यासाठी हा कागद काळा करते आहे, ते.

आमच्या घराण्याचा इतिहास माझ्या थोरल्या भावाने, दादाने, लिहिला. बारा वर्षे खपला बिचारा. त्यात पृष्ठ १४२ ते १४५ ही चार पाने ताईआत्याची होती. ताईआत्या ही आमच्या वडिलांची बहीण. तिचा नवरा लोकांना धर्म शिकवायचा आणि घरी हात उचलायचा. एके दिवशी पाच महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन ती निघाली आणि इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुऊ लागली. पुढे तिने धर्मही बदलला. का, असे कोणी विचारले तर म्हणायची, “इथला देव माझ्याशी सरळ बोलतो, नवऱ्यामार्फत नाही.” आजोबांनी घरच्या वहीत तिच्या नावापुढे मृत्यूची तारीख घातली. त्यानंतर ती बत्तीस वर्षे जगली.

हे सगळे दादानेच शोधून काढले. धुलाईघरातल्या म्हाताऱ्या बायकांपुढे दिवसच्या दिवस बसून त्याने ऐकले. एवढे चांगले त्याने दुसरे काही लिहिलेले नाही. पण छपाईच्या तोंडावर आमचे काका म्हणाले, “हे छापलंस तर माझ्या मयतीलाही येऊ नकोस.” दादाचा धीर सुटला. त्याने चार पाने काढली आणि त्या जागी चार फोटो घातले. फाटक, जिना, सगळ्यांचा एकत्र फोटो आणि खुर्चीत बसलेले काका. पानांचे आकडे हलले नाहीत, म्हणून सूची पुन्हा करायची गरज नव्हती. मला म्हणाला, “तेवढी आत्याची चिठ्ठी काढून टाक.” मी ‘बरं’ म्हटले.

माझी पद्धत अशी, की प्रत्येक नोंदीची एक चिठ्ठी आणि सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात अकारविल्हे उभ्या. मी शोधले, चिठ्ठी सापडली नाही. वाटले, आधीच काढली असेन. ती चहा सांडून ‘तलावाकडची जमीन’ या चिठ्ठीच्या पाठीला चिकटली होती. टाइप करताना ती सुटून पुढे आली आणि मी टाइप करून मोकळी झाले. त्या कामात हात चालतात, डोके चालत नाही.

पुस्तक बाहेर आले. अशी पुस्तके लोक मागून उघडतात, आपले कोणी आहे का ते बघतात. कडेवरून गेलेली ती मुलगी तोवर मेट्रन होऊन निवृत्त झाली होती. वाचनालयात तिने सूची पाहिली: ताईआत्या, १४२–१४५. पाने उलटली तर फाटक, जिना आणि शेवटी काका. माझा पत्ता काढून ती हा जिना चढून आली. “इथं माझी आई होती ना?” तिने विचारले. मी मान हलवली. ती म्हणाली, “निदान सूचीत तरी राहू दिलीत तुम्ही तिला. केवढं धाडस!” मी चहा टाकायला उठले.

खालच्या मजल्यावर राहणारा दादा मात्र म्हणाला, “केसानं गळा कापलास.” तेव्हापासून अकरा वर्षे आम्ही भाऊ-बहीण एकाच जिन्यावरून ये-जा करतो आणि पाण्याच्या मोटरीबद्दल तेवढे बोलतो, तेही वहिनीमार्फत.

तर खरे ते असे. मी धाडस केले नाही आणि गळाही कापला नाही. चिठ्ठी वेळेवर सापडली असती तर मी ती मुकाट्याने केराच्या टोपलीत टाकली असती. मेट्रन, नसलेल्या धाडसापायी तू माझ्यावर अकरा वर्षे माया केलीस, माझी इंजेक्शने दिलीस, नखे कापलीस, रविवार दिलेस. सख्खी बहीण नसल्याची उणीव मला साठी उलटल्यावर भरून मिळाली. खोट्या नावावर मिळते आहे हे माहीत असून मी सगळे घेतले, कारण गोड लागले. माफ कर. परत मात्र मागू नकोस.

त्या चार पानांचे मूळ प्रूफ, दादाच्या हातच्या दुरुस्त्यांसह, माझ्याकडे आहे. ते मेट्रनला द्यावे. दादाने तीनदा मागवले, मी दिले नाही. पण पुस्तकाचे हक्क दादाचे आहेत. त्याने परवानगी दिल्याशिवाय त्यातली एक ओळही छापता येणार नाही, आणि ती त्याने आजवर दिलेली नाही. मी असेपर्यंत निदान प्रूफ तरी आहे. कागद किती दिवस टिकतो ते छापखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

६. बँकेतल्या शिलकीतून, दादाने परवानगी दिल्यास, ती चार पाने छापून ज्या ज्या वाचनालयात पुस्तक आहे तिथे नेऊन चिकटवावीत. न दिल्यास त्या रकमेतून इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांना चांगले रबरी हातमोजे घ्यावेत.

~~७. घराचा वरचा मजला, जो माझ्या मालकीचा आहे, तो दादाला, बिनशर्त. वकीलबाई म्हणाल्या, “अट घाला ना. परवानगी दिली तरच मजला.” मी म्हटले, घराचे आमिष दाखवून बहिणीने भावाची सही काढायची? त्याने मला अक्षर ओळखायला शिकवले. बोलत नाही हे खरे, पण मला खोकल्याची उबळ आली की खाली त्याचा रेडिओ बंद होतो.~~

येथवर टाइप झाल्यानंतर सहीपूर्वी हाताने जोडलेला मजकूर:

कलम ५ ची एकेक प्रत मी काल दादाला आणि मेट्रनला पाठवली होती. मेल्यावर माफी मागण्यात कसली आली मर्दुमकी? मेट्रनचा लगेच फोन आला. म्हणाली, “मला कधीच कळलं होतं. तू साधं झुरळ मारत नाहीस, तू कसलं बंड करणार? येते रविवारी.”

दादा आज सकाळी वर आला. अकरा वर्षांनी. धाप लागली होती. बसला आणि म्हणाला, “म्हणजे तू मुद्दाम नव्हतं केलंस?”

“नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“विचारलंस कधी?”

त्याने टेबलावरचे माझे कागद सरळ केले. मग म्हणाला, “मला वाटायचं, माझ्यात नव्हती ती हिंमत तुझ्यात निघाली. राग त्याचा होता गं.”

“अरे, मग दोघंही भित्रेच की आपण.”

“भावंडंच आपण,” तो म्हणाला, आणि त्याने रुमाल काढला. मीही काढला. सह्यांसाठी आलेल्या वकीलबाई उगाचच खिडकीबाहेर बघत बसल्या.

मग त्याने कलम ७ वाचले आणि म्हणाला, “हे खोड. मजला मेट्रनला दे. आत्याला मेली म्हणून लिहिलं, तेव्हाच आजोबांनी तिचा वाटाही पुसला. वहीत आहे ते, मी वाचलंय. पुस्तकात घालायची छाती झाली नाही.”

मी खोडले. वकीलबाई म्हणाल्या, नवीन पान टाइप करू. मी नको म्हटले, खोडलेले दिसू दे. दुसऱ्या साक्षीसाठी डॉक्टर यायचे होते. वकीलबाईंनीच मला सांगितले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करायची नसते. दादाने त्यांना विचारले, “आता माझ्या नावावर यात काही उरलंय?”

“काहीच नाही.”

“मग डॉक्टरांना त्रास देऊ नका.”

७ (सुधारित). घराचा वरचा मजला ताईआत्याच्या मुलीला, मेट्रनला, द्यावा. तो तिचा होताच. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

वरील सर्व, खाडाखोडीसह, मी राजीखुशीने लिहिले आहे. मला भरपूर मिळाले. तक्रार नाही.

ठिकाण: वरचा मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: बारा मार्च, मंगळवार
(सही) सूचीकार

साक्षीदार एक: (सही) वकीलबाई

साक्षीदार दोन, स्वहस्ते: चारही पाने छापण्यास परवानगी आहे.
(सही) हिचा दादा, आणि ताईआत्याचा भाचा