लाल रेघेखालच्या तीन ओळी

मुळशी,
३० मे १९६१

प्रिय सुंदरा,

तुझ्या आजीच्या, तुकाबाईच्या तेराव्याला तू सासरहून, भऱ्याहून आलीस. मला दारात पाहिलंस, पदर पुढं ओढलास आणि आत निघून गेलीस. बरोबरच केलंस. त्या दारात मी कुठल्या तोंडानं उभा होतो, देव जाणे!

चार वर्षं झाली. सातवीच्या परीक्षेत मी विचारलं होतं, धरणाचे फायदे लिहा. सगळ्यांनी वीज, गिरण्या, प्रगती असं लिहिलं. तू लिहिलंस, ‘आजीचं घर पाण्यात हाय. तिला कुणी इचारलं न्हाई. आमच्याकडं अजून चिमणीच हाय.’ मी त्यावर लाल रेघ मारली. वर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणालो, ही आजीची गाऱ्हाणी, इतिहास नव्हे. पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस आणि त्याच उन्हाळ्यात तुझं लग्न लावून दिलं.

अगं, मी खोटं शिकवत नव्हतो. माझे वडील मुंबईत याच धरणाच्या विजेवर चालणाऱ्या गिरणीत होते. आमच्या घरची सहा पोटं त्या पाण्यावर भरली. ते पाणी कुणाच्या चुलीवरून आलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगायला लागलीस, तर मीच तुला गप्प केलं. शहाणा ना मी मोठा!

उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की आजी बुडालेल्या घराचा उंबरा धुऊन पुजायला जायची, तुला ठाऊकच आहे. यंदा मी मागं लागून बरोबर गेलो. चिखलात काठी टोचत तिनं उंबरा शोधला, ओंजळीनं धुतला, पुजला. मग म्हणाली, “बसा गुर्जी. माज्या नातीचं खोडलंत न्हवं? आता म्या सांगते, तुमी लिवा.” आणि माझ्याजवळ वही नव्हती! इतिहासाचा मास्तर मी, पिशवीत नुसती भाकरी बांधून गेलेलो. रविवारी वही घेऊन येतो म्हणालो. शुक्रवारी ती गेली.

तुझा तो पेपर माझ्याकडंच राहिला, न्यायला तू आलीच नाहीस. काल रेघ निघते का म्हणून रबर घासलं, तर कागदच फाटायला आला. त्या घराबद्दल कुणी लिहून ठेवलेलं आता एवढंच आहे गं, तीन ओळी, आणि त्यांवर माझी रेघ. ते पान सोबत पाठवतोय. आजीनं तुला जे जे सांगितलं, ते त्याच्याखाली लिही. मला दाखवू नकोस हवं तर. पण लिही, पोरी.

तुझाच अपराधी,
वाल्मीक मास्तर