बाजूने दोन, विरोधात एक

६ एप्रिल, शनिवार

गेडिके गेले!

पावाच्या गाडीवाल्या बाईने सांगितलं, बन पिशवीत टाकता टाकता. "नोआकबाई, तुम्हाला कळलंच असेल म्हणा— गेडिके परवा गेले, दवाखान्यात." मला कुठून कळणार? मी त्यांची कोण? मी फेरीबोट मंडळाची अध्यक्ष, ते खजिनदार. माणूस गेल्यावर अध्यक्षांना कळवा, असं कोणी डॉक्टरला सांगून ठेवत नाही.

घरी आले, पिशवी तशीच टेबलावर टाकली. रडू आलं. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण रडता रडता डोक्यात आलं ते हे— आता मंडळात आम्ही दोघीच. मी आणि प्रिलबाई. देवा!

७ एप्रिल, रविवार

श्टुटगार्टहून आन्केचा फोन. "आई, आता तरी ते मंडळ सोड. इकडे ये राहायला." बघते म्हटलं. दर रविवारी म्हणते.

१२ एप्रिल, शुक्रवार

गेडिकेंना माती देऊन आलो. नंतर अग्निशमन दलाच्या खोलीत कॉफी आणि वर गोड चुरा पसरलेला केक. त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा तुमच्या सभेबद्दल फार बोलायचे." काय बोलायचे ते विचारायचं राहूनच गेलं.

प्रिलबाई टेबलाच्या पार त्या टोकाला. काळा कोट, ताठ मान. माझ्याकडे बघून एकदा मान हलवली, बस्स. बांधाजवळच्या शेवटच्या घरात एकट्या राहतात. पडदे कायम ओढलेले. अकरा वर्षं आम्ही एका मंडळात आहोत आणि त्यांच्या घरात मी एकदाही गेलेले नाही!

बर्लिनची भिंत पडल्यानंतर, सुरुवातीला, मंडळात चाळीस माणसं होती. ओडर नदीच्या त्या तीरावरचं पोलंडमधलं गाव इथून दिसतं— धूर दिसतो, कुत्री ऐकू येतात— आणि जायचं तर शहरातल्या पुलावरून वळसा. म्हणून मंडळ काढलं आणि भांडून भांडून बोट सुरू केली. माझा नवरा डीटर पहिल्या फेरीला कठड्यापाशी उभा होता, टोपी हातात घेऊन. आता डीटर नाही. चाळिसातले काही मेले, काही मुलांकडे गेले. उरलो तिघं.

आणि तिघांत प्रिलबाई! वर्षातून दोन सभा, आणि प्रत्येक ठरावाला यांचा हात विरोधात. बोटीला नवा रंग— विरोधात. पाटी पोलिशमध्येही लिहू— विरोधात. कॉफी तीनऐवजी अडीचला ठेवू— विरोधात! वर कारणं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मी तावातावाने उत्तरं द्यायची. गेडिके शांतपणे कॉफी ढवळत बसायचे, आणि अंधार पडायला लागला की माझ्या बाजूने हात वर करायचे. मग मी इतिवृत्तात लिहायचं— बाजूने दोन, विरोधात एक.

आता कोण ढवळणार?

२० एप्रिल, शनिवार

एकाच दिवशी दोन गोष्टी.

एक: ब्रसेल्सची समिती, जिथे कामगारांचे, मालकांचे आणि आमच्यासारख्या संस्थांचे लोक बसतात ती, फ्रँकफुर्टला येतेय. आपल्या ओडरकाठच्या, त्या मोठ्या नव्हे. सीमेवरच्या लहान वाहतुकीवर युरोपला सल्ला द्यायचाय, त्याआधी लोकांचं ऐकायचंय. बोलायला मिळणार फक्त संस्थांना. १६ मे, आमच्या मंडळाला तीन मिनिटं! जिल्हा ऑक्टोबरअखेर बोट बंद करतोय. हे सांगायची दुसरी जागा नाही.

दोन: वकील म्हणाले, नोंदणी झालेल्या मंडळात तीन सभासद हवेतच. कमी झाले की आज ना उद्या न्यायालय नोंद काढून घेतं. "तिसरा शोधा, नोआकबाई. लवकर."

गावभर फिरले. पावाच्या गाडीवालीने कानाला हात लावला. बर्लिनहून आलेलं नवं जोडपं गोड बोललं. "सभेला प्रत्यक्ष यावं लागतं का?" हो म्हटलं. "अच्छा…" आणि कुत्र्याला हाक मारून गेले.

२७ एप्रिल, शनिवार

बोटीने पलीकडे गेले. धक्क्यावर बोझेनाची तळलेल्या माशांची टपरी आहे. तिची मोडकी जर्मन माझ्या मोडक्या पोलिशपेक्षा बरी.

"सभासद होऊन मला काय मिळणार?"

"दोन सभा. कॉफी, केक."

"आणि बोट बंद पडली की मी मासे कोणाला विकू? बदकांना? लिहा माझं नाव." मग एप्रनला हात पुसत म्हणाली, "पण एक सांगते हां. हात वर करून परवानगी घेतल्याशिवाय तुम्ही लोक शिंकत नाही म्हणे. मी शिंकणार!"

किती दिवसांनी हसले मी. परतताना बोटीत मी एकटीच होते, तरी बरं वाटत होतं.

४ मे, शनिवार

सगळं संपलं.

सभा अग्निशमनच्या खोलीत, तीन वाजता. गेडिकेंसाठी एक मिनिट उभ्या राहिलो. मग ठराव: बोझेनाला सभासद करून घ्यावं. मी हात वर केला. प्रिलबाईंनी केला— विरोधात! "बाई चांगली असेल, माझं म्हणणं ते नाही. पण आपल्या नियमात 'तीरावरचे रहिवासी' असं आहे. कोणता तीर, ते कुठे लिहिलंय? यावर नीट चर्चा…"

आणि बोलता बोलता त्यांची नजर गेडिकेंच्या खुर्चीकडे गेली. माझीही गेली.

"बाजूने एक, विरोधात एक," मी म्हटलं. "समान मतं. ठराव नामंजूर."

त्यांचा चेहरा पांढराफटक. "असं कसं?"

"असंच. तुम्हीच अकरा वर्षं नियम शिकवताय आम्हाला."

"पण अजून चर्चा…"

"चर्चा संपली. सभाही संपली. केक घेऊन जा तुमचा!"

साडेतीनसुद्धा वाजले नव्हते. दाराला कुलूप लावलं. त्या बाहेर सायकल धरून उभ्या होत्या. मी बघितलं नाही.

५ मे, रविवार

कोणाशी एक शब्द नाही. आन्केच्या घरी पाहुणे होते, तिचाही फोन नाही.

११ मे, शनिवार

तीन मिनिटांचं भाषण लिहितेय. प्रत्येक वाक्य 'आम्ही'ने सुरू होतं. खोडते, पुन्हा तेच येतं. 'मी' लिहून बघितलं— एक म्हातारी बोट मागतेय, एवढंच उरतं.

१६ मे, गुरुवार

नीट, क्रमाने लिहिते.

मोठा हॉल, प्रत्येकाच्या कानात भाषांतराचं यंत्र. अहवाल लिहिणारी बाई एस्टोनियाची, दूध उत्पादकांच्या संघाची. माझ्यासारखेच जाड बूट. तेवढ्यानेच धीर आला. बोलले. दवाखाना पलीकडे जवळ पडतो ते सांगितलं, शाळेतल्या पोरांचं सांगितलं. डीटरच्या टोपीचं लिहिलेलं नव्हतं, तेही सांगितलं.

त्या बाईने विचारलं, "मंडळात किती जण?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन."

कोणीतरी हसलं. ती नाही हसली. "दोघांचं एकमत आहे?"

"कधीच नाही. मी जे म्हणेन त्याला दुसरीचा विरोध असतो. अकरा वर्षं."

आता सगळाच हॉल हसला. ती म्हणाली, "म्हणजे मंडळ जिवंत आहे. आमच्याकडे पाचशे सभासद आहेत आणि सभेत सगळे झोपतात." मग सरळच सांगितलं— "आम्ही सल्ला देतो, बाई. तो ऐकायचं बंधन कोणावर नाही. पण तुमची बोट त्यात असेल." राग आला. तरी तिचा हात मी जरा जास्तच वेळ धरला.

वळले तर शेवटच्या रांगेत काळा कोट. प्रिलबाई! सगळं ऐकलं होतं त्यांनी. परतीची बस एकच. मधल्या वाटेच्या या बाजूला मी, त्या बाजूला त्या. गाव यायला आलं तेव्हा त्या समोर बघूनच म्हणाल्या:

"तिघांचं एकमत झालं की सभा दहा मिनिटांत आटपते, नोआकबाई. मग घरी जावं लागतं."

मला आधी कळलंच नाही.

"गेडिके होते ना हो म्हणायला. माझ्या 'नाही'ने कधी काही अडलं नव्हतं. त्या दिवशी… मला वाटलं, वेळ आहे. ते असतीलच, अशी सवय झाली होती."

बस थांबली. त्या उतरल्या, सायकलचं कुलूप काढत बसल्या. मी घराकडे वळले.

तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. दर सभेनंतर मी चरफडत घरी यायचे. पुढे आठवडाभर भांडी घासताना, बागेत, अंथरुणात मनातल्या मनात प्रिलबाईंना उत्तरं द्यायचे. डीटर गेल्यानंतर या घरात मी इतकं दुसऱ्या कोणाशीच बोललेले नाही.

१७ मे, शुक्रवार

बांधाजवळच्या शेवटच्या घराची बेल वाजवली. पडदा हलला. दार उघडायला त्यांना वेळ लागला. मी म्हटलं, "फेरमतदान. पुढच्या शनिवारी, बोझेनाच्या टपरीवर. केक आणा."

२५ मे, शनिवार

बोझेनाला घेतलं. बाजूने दोन, विरोधात कोणी नाही. दहा मिनिटांत झालं.

मग प्रिलबाईंनी आयुष्यातला पहिला ठराव मांडला: सभा वर्षातून दोनदा नको, दर महिन्याला घ्यावी. त्यांचा हात वर, बोझेनाचा हात वर. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "विरोधात. कारणं सांगते."

शेवटची बोट चुकली.