भिंतीकडची रोपं

६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा चिखल! साडेसहाला येऊन व्हरांडा आरशासारखा पुसला, आणि अकराच्या आत जिन्यापर्यंत बुटांचे ठसे. बत्तीस पोरं, म्हणजे चौसष्ट बूट. कोणाचं काय जातं? वाकणारी कंबर माझी!

हे सगळं नव्या बाईंमुळे. दोन महिन्यांपूर्वी आल्या आणि शाळेच्या मागे, टाकीशेजारी जिथं नुसता राडारोडा होता, तिथं वाफे केले. आता तिसरीचा वर्ग अर्धा दिवस तिथंच. शाळा आहे की रोपवाटिका? मी चौथीपर्यंत शिकले, पण बाकावर बसून शिकले.

आज मोठ्या बाईंकडे गेले – मुख्याध्यापिकांकडे. म्हटलं, "तिथं फरशी टाका, नाहीतर व्हरांडा तुम्ही पुसा." त्या हसल्या. म्हणाल्या, "तक्रारवहीत लिहा मावशी, सहीनिशी." लिहिलं! तीन ओळी. सही ठसठशीत.

७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई परवा फोनवर म्हणाली होती, "रोज तेच रडगाणं. मला नको, वहीला सांग." म्हणून ही वही. पोरांनी टाकून दिलेली, अर्धी कोरी. बरं झालं, ताईसारखी मध्ये मध्ये जांभया तरी देत नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज जरा वेगळंच झालं. वाफ्याशेजारचा नळ धूत होते. नव्या बाई पोरांना विचारत होत्या, वाफा केवढा आहे. पोरं पावलं टाकून बघत होती, जमेना. तर बाई माझ्याकडे वळल्या, "मावशी, तुमचा व्हरांडा केवढा?"

मी म्हटलं, "लांबीला अठ्ठावीस फरश्या, रुंदीला चार. एकशे बारा. त्यातल्या तीन फुटक्या."

"मोजल्यात?"

"रोज पुसते. मोजायला कशाला पाहिजे?"

पोरं धावत जाऊन मोजून आली. एकशे बारा! मग बाईंनी एक सुटी फरशी आणून वाफ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, आता मावशींच्या पद्धतीनं सांगा. पंधरा मिनिटांत सगळ्यांना जमलं. चौथीत हेच गणित मला आलं नव्हतं म्हणून मास्तरांनी बाकावर उभं केलं होतं. हे असं शिकवलं असतं तर? असो.

बाई बऱ्या आहेत. चिखल मात्र बरा नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

या बाईंची एक रीत मला फार आवडली. प्रत्येक पोराकडे बागेची वही आहे. त्यात आधी लिहायचं काय होईल असं वाटतं, मग काय झालं. चुकलं तर खोडरबर नाही! चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची – खालचं वाचता आलं पाहिजे – आणि खाली खरं लिहायचं. म्हणाल्या, "चूक पुसली तर आपण कुठून आलो ते कसं कळणार?"

मी अकरा वर्षं या शाळेत पुसण्याचंच काम करते. असं कोणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

आणि पोरानं काही विचारलं तर बाई बिनधास्त म्हणतात, "मला माहीत नाही, बघूया." मोठ्या बाईंच्या तोंडून हे निघायला त्यांना पुढचा जन्म घ्यावा लागेल.

१५ फेब्रुवारी, बुधवार

पोरांची घेवड्याची रोपं मेली. पंधरांची एक ओळ आहे, भिंतीपासून नळाकडे. भिंतीकडची पाच पार काळी पडून आडवी. दोन पोरी रडल्या. एक दातपडका म्हणाला, "उंदीर!" दुसरा म्हणे, "भूत!"

एक पोरगी आहे, मी तिला पट्टीवाली म्हणते. लाकडी पट्टी सदा कमरेला खोचलेली, तलवारीसारखी. ती रडली नाही. उकिडवी बसून उरलेली दहा मोजली. भिंतीजवळचं सहा सेंटिमीटर, मग आठ, अकरा, चौदा, असं चढत चढत नळाकडचं एकतीस. म्हणाली, "बाई, जे काय आहे ते भिंतीकडून येतंय."

मग माती हातात घेतली, हुंगली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमच्या बादलीचा वास येतोय."

तोंडचं पाणीच पळालं माझ्या. म्हटलं, "शाळाभर फिनेलच मारते मी, सगळीकडेच येणार वास! जा, हात धू."

१६ फेब्रुवारी, गुरुवार

इथं तरी खरं लिहू. पुसून झालं की बादली मी त्या भिंतीशी ओतते. अकरा वर्षं. गटार लांब, पलीकडच्या टोकाला, आणि तिथं दगडधोंडेच होते. वाफे झाले तरी हात तिकडेच जातो – सकाळी साडेसातला, पोरं यायच्या आधी. बघितलंही नाही कधी काय बुडतंय ते.

मीच मारली.

ठेकेदाराची माणसं आम्ही. मार्चमध्ये नावं पुन्हा लागायची आहेत. एका तक्रारीवर मागच्या वर्षी जिना पुसणाऱ्या बाईचं नाव गेलं. गप्प बसावं हे बरं.

आजपासून बादली गटारात. दोन खेपा जास्त. भोगा.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या बाई म्हणाल्या, कोणाचं नाव घ्यायचं तर आधी करून बघायचं. नळाकडच्या चांगल्या मातीत कुंड्या भरल्या, सहा. प्रत्येकीत घेवड्याचं एक रोप. तीन कुंड्यांना साधं पाणी, तीन कुंड्यांना बादलीचं. आठ दिवस. आणि बादलीचं पाणी कोणाकडे मागितलं? माझ्याकडे!

पट्टीवाली प्लास्टिकचा मग घेऊन उभी. "मावशी, खरं वापरलेलंच द्या हं."

आत गेले. बादली समोर होती. आणि मी मग नळाखाली धरला. थोडी धूळ घोळवली, गढूळ दिसावं म्हणून; काठाला फिनेलचं फडकं फिरवलं, वास यावा म्हणून.

"थँक्यू मावशी."

२० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा मग. पुन्हा नळ. चोराच्या मनात चांदणं म्हणतात – माझ्या मनात तर भरदुपार. पोरगी कुंड्या मोजते तेव्हा मी उगाच तीच फरशी पुसत बसते.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

साही रोपं ताठ. कशी नसतील?

पोरांनी वह्या उघडल्या. पट्टीवालीनं "बादलीच्या पाण्यामुळे मेली असं वाटतं" या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं, "बादलीमुळे नाही. भिंतीकडची माती वाईट असणार." बाईंचा चेहरा उतरला होता, पण म्हणाल्या, "आपल्याला आवडलं नाही तरी जे दिसलं तेच लिहायचं."

मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी ती वही वाचली. म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. मातीच खराब. तुकड्यातुकड्यानं काम नको, सगळीकडेच फरशी टाकून घेऊ. चार तारखेला, शनिवारी, माणसं येतील." आणि माझ्याकडे वळून, "मावशी, तुमची तक्रारही होतीच. खूश?"

मागितलं होतं ते मिळालं.

नव्या बाईंनी फरशी टाकायला लागतील म्हणून पोरांकडून वाफ्याची मापं पुन्हा घेऊन ठेवली. त्याचंही गणित केलं बाईंनी! मला बघवेना.

२५ फेब्रुवारी, शनिवार

अर्धी शाळा. पट्टीवाली जिन्यापाशी थांबली होती. मान खाली.

"मावशी, सॉरी. मी उगाच तुमच्या बादलीचं नाव घेतलं."

मी "बरं बरं, जा" म्हटलं. ती चार पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. "पण मावशी, मातीला वास का येत होता हे मला अजून कळलं नाही. माझंच नाक खराब असेल."

आठ वर्षांची पोर. नाक शाबूत, डोळे शाबूत, हिशोब शाबूत – आणि माझ्यामुळे स्वतःच्या नाकावरचा विश्वास घालवून बसली. वाफे गेले तर पुन्हा होतील. हे कुठून आणायचं?

२६ फेब्रुवारी, रविवार

घरची फरशी तीनदा पुसली. स्वच्छ काही होईना.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, तक्रारवही उघडली. सहा तारखेच्या माझ्या तीन ओळींवर एकच रेघ मारली, वाचता येईल अशी. खाली लिहिलं ते इथं उतरवते:

"मोठ्या बाई, माती चांगली आहे. भिंतीकडची पाच रोपं माझ्या फिनेलच्या पाण्यानं मेली. कुंड्यांना दिलेलं पाणी नळाचं होतं, मी फसवलं. कमरेला पट्टी खोचणाऱ्या मुलीचं पहिलं म्हणणं बरोबर होतं, हे तिला सगळ्या वर्गासमोर सांगावं. मी सांगायला तयार आहे. खऱ्या बादलीतलं पाणी बाटलीत भरून टेबलावर ठेवलं आहे, कुंड्या पुन्हा करून बघा. ठेकेदाराला कळवायचं तर कळवा. पण फरशीवाले शनिवारी येणार आहेत, तेव्हा फरशी टाकणार की नाही याचं उत्तर मला शुक्रवारपर्यंत पाहिजे. तोंडी नको. याच वहीत, याच्या खाली, सहीनिशी."