तीस तारखेपर्यंतचा चेहरा

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
वरठीवाल्यांले फोटो पसंत पडला! पोरीचं नाव रेणू, वरठीच्या कॉन्व्हेंटमधी शिकवते. तीस तारखेले, रविवारी, ते लोकं तुमसरले आमच्या घरी येणार आहेत. घर पाहतील, मुलगा पाहतील. जागेश्वर मामा म्हणे, भाचे, सात जागी नाही झालं, हे आठवं. तू फक्त फोटोसारखा राहजो.

फोटो कैलाशच्या स्टुडिओतला. त्यानं थोडा लाइट ॲडजस्ट केला. मोनिका म्हणे, दादा, लाइट नाही, माणूसच बदलवला. बहीण आहे, जळते. मी नीट पाहिलं, तो मीच आहे. आराम केलेला. राईस मिलच्या काट्यावर सहा वर्षं धानाचे ट्रक मोजून खरा चेहरा खाली दबला. वीस दिवसांत वर काढायचा आहे, बस.

पाणी चार लिटर. झोप दहाले. तेलकट बंद. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. उशीची खोळ दर तिसऱ्या दिवशी धुवायची. तोंडाले हात लावायचा नाही.

६.४०
खर्रा उद्यापासून. आजचा कालच घोटून आणला होता, फेकला तर अन्नाचा अपमान होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चार लिटर पाणी प्यालो. मुतारी मिलच्या पार मागं आहे. सात चकरा झाल्या, तिकडं काट्यावर ट्रकवाले हॉर्न मारून राहिले. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, कुंदन, तुले शुगर झाली का बे?

उद्यापासून दोन लिटर. बाकी दोन फळांतून. आज फळ आणलं नाही. खर्रा अर्धा खाल्ला. दोन वेळा अर्धा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मोनिकाचं सनस्क्रीन लावून काट्यावर गेलो. दोन थर. तेवढ्यात धान उतरवणं सुरू झालं, भुसा उडाला आणि सारा तोंडावर चिकटला. झाडणाऱ्या ललिताबाई म्हणे, भाऊ, मासोळीले पीठ लावते तसे दिसून राहिले, तेल तापवू का?

अडाणी लोकांत राहून स्किन केअर होत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
आईनं पातोडीचा रस्सा केला. मी वरची तेलाची तर्री बाजूले काढली अन् नुसत्या पातोड्या खाल्ल्या. नऊ. मंग तर्री वाया जाते म्हणून भातावर घेतली.

मामाले फोन करून म्हटलं, दुसरा फोटो पाठवू का, जरा साधा. मामा म्हणे, येडा झाला का? तो फोटो तिच्या आत्यानं पाहिला, काकानं पाहिला, समाजाच्या ग्रुपवर फिरून आला. आता दुसरा पाठवला तर विचारतील, हा कोण?

बायोडाट्यात ‘सुपरवायझर’ पण लिहिलं आहे. ते मामानंच सुचवलं होतं. मी फक्त नाही म्हटलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सापडलं! मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. कोरियाच्या बाया तांदळाच्या पाण्यानं तोंड धुतात, गाल काचेसारखे. अन् मी कुठं काम करतो? राईस मिलमधी! उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान टाक्यात भिजवतात, ते पाणी रोज नालीत सोडून देतात. हजारो लिटर. कोरियात हेच बाटलीत विकत असतील.

दोन लिटरची बाटली भरून आणली. वास येते, हे खरं. पण औषधाले वास येतेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळ-संध्याकाळ धुतलं. आई म्हणे, घरात उंदीर मेला. मोनिकानं कपाट सरकवलं, दिवाणाखाली झाडू फिरवला. मी पण टॉर्च घेऊन शोधू लागलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
तोंड खाजवून राहिलं. म्हणजे काम सुरू झालं. जुनी चामडी निघते तेव्हा खाजवतेच. आजपासून तीन वेळा.

२४ नोव्हेंबर, सोमवार
उजवा डोळा अर्धाच उघडून राहिला. गाल सुजले, लाल पुरळ मानेपर्यंत. डॉक्टर म्हणे, काय लावलं? मी म्हटलं, कोरियन. ते म्हणे, सगळं बंद कर, साध्या पाण्यानं धू, हे गुलाबी लोशन लाव. दोन आठवडे.

दोन आठवडे म्हणजे आठ डिसेंबर!

मामाले म्हटलं, सीझन आहे, सुट्टी नाही, तारीख पुढं ढकला. मामा म्हणे, उलट चांगलं आहे, पोट्टा कामाचा आहे म्हणतील. आईनं समोरच्या भिंतीले चुना मारला, खुर्च्या सांगून ठेवल्या. लोशन पाहून तिनं तोंडाले पदर लावला.

दार लावून बसलो आहे. मले भेव लागून राहिलं. हे पण गेलं तर आई नववी पोरगी शोधणार नाही, तिचं अवसानच गेलं आहे. अन् त्यांले येऊ देऊ तर फोटोतलं तोंड आणू कुठून?

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी
सोयरिकीआधी पोरीवाले कामाच्या जागी चुपचाप चौकशी करतात, हे सगळ्यांले माहीत आहे. पण पोरगी सोबत येते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी मोटारसायकल थांबली. तिचे बाबा सुखरामजी अन् मागं रेणू. मी काट्यावर, डोक्याले दुपट्टा, तोंडावर गुलाबी लोशन. सुखरामजींनी विचारलं, इथले सुपरवायझर कुंदन भाऊ कोण?

माझ्या तोंडातून निघालं, ते नागपूरले गेले. अन् तुम्ही? मी म्हटलं, अमर. काट्यावर असतो.

वाटलं, जातील. ते बसले! मी खुर्च्या सावलीत सरकवून दिल्या, पाणी आणलं. सुखरामजी शेठच्या हापिसाकडं गेले, ते मिलच्या दुसऱ्या टोकाले आहे, कुलूप पाहून परत यायले त्यांले वेळ लागला. रेणू विचारून राहिली, मी सांगून राहिलो. कुंदन खर्रा खातात का? हाव, दिवसाचे दोन. सुपरवायझर आहेत ना? नाही, माझ्यासारखेच काट्यावर. स्वभाव? मी म्हटलं, माणूस वाईट नाही, पण स्वतःले बहुत समजते.

ती हसली. मंग माझ्या तोंडाले काय झालं ते विचारलं. मी टाक्याच्या पाण्याचं सारं सांगून टाकलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणे, मी पण मागच्या वेळी पाहुणे येणार म्हणून लिंबू अन् सोडा लावला होता, हे पाहा, गाल भाजला. मले तर तो डाग दिसलाच नव्हता.

जाताना म्हणे, आता काहीच लावू नका.

मले ती आवडली. बहुत आवडली. एवढं खरं मी कोणाशी बोललो नाही कधी.

रविवारी काय? काही नाही. तीन दिवसांत सूज उतरली अन् फोटोसारखा दिसलो तर ती मले ओळखणारच नाही. प्लॅन पक्का आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९
मामाचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला. रविवार कॅन्सल. पोरगी नाही म्हणते. म्हणे, फोटोतला मुलगा फारच चिकना आहे, असा माणूस दिवसभर आरशातच राहते. शिवाय सुपरवायझरचं खोटं.

आई खाली बसली. मंग मामा आईले म्हणे, एक गोष्ट अजून आहे शोभा. मिलमधी काट्यावर कोणी अमर आहे म्हणते. तोंडाले काही झालं आहे बिचाऱ्याच्या, पण पोरीले त्याचं बोलणं पटलं. सुखरामजी विचारून राहिले, त्याचं लग्न झालं का? कुंदनले विचार.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मोनिकानं पाहिलं, माझ्या गुलाबी तोंडाकडं, जरा जास्तच वेळ. फोन चालू होता. एक शब्द बोलायचा होता, फक्त ‘मी’. आठ वर्षांत सात जागी गेलो, मले कोणी हो म्हटलं नाही, अन् हा अमर एका दुपारी खुर्ची सरकवून जिंकून गेला. काय आहे त्याच्यात? इतका राग आला मले त्याचा.

मी म्हटलं, झालं त्याचं लग्न. दोन पोरं आहेत.

आईनं मामाले तसंच सांगितलं अन् फोन ठेवला.