ऐकायचं लायसन

अम्मा,

आज डोकं उठलंय, म्हणून तुला लिहितेय. टीव्ही केंद्राच्या लोकांनी इथे सोलापुरात प्रेक्षकांची बैठक बोलावली होती. बिस्किटं चांगली होती. बाकी काहीही विचारलं की साहेब म्हणायचे, "नोंद घेतली." कार्यक्रम कोण ठरवतं? वरून ठरतात. पैसा कुणाचा? सरकारचा. सरकारकडे तो येतो कुठून, असं विचारल्यावर साहेब घड्याळाकडे बघायला लागले. घरी येताना रिक्षात मला सारखी तूच आठवत होतीस. टीव्ही अजून यायचा होता, नुसता रेडिओ होता, तेव्हा हेच सगळं तू पोस्टाच्या खिडकीवर विचारून बसली होतीस, तेही मोडक्या मराठीत.

रेडिओ तू आजोबांसाठी घेतलास. तुझ्या वडिलांचे डोळे मागावर बसून बसून गेले होते आणि तेलुगूशिवाय त्यांना काही कळत नसे. दिवसभर तू मागावर, मी शाळेत. म्हाताऱ्याशी बोलणार कोण? बदली होऊन निघालेल्या एका कारकुनाचा जुना, बॅटरीवरचा रेडिओ तू आणलास आणि पोस्टात पैसे भरून तो ऐकायचं वर्षाचं लायसनही काढलंस. शेजारणी म्हणाल्या, कोण बघायला येतंय, कशाला भरतेस? तू भरलंस. मुंबई केंद्र लागलं. मराठी लागलं, गुजराती लागलं, इंग्रजी तर भरपूर. मद्रासकडे तेलुगू लागतं म्हणायचे, पण आपल्या घरात त्याची नुसती खरखर. आजोबा भिंतीला टेकून, कान रेडिओकडे करून बसलेत. "आपलं कधी लागणार?" रोज विचारतात. तू रोज सांगतेस, उद्या.

मग एका सकाळी तू तो रेडिओ जुन्या लुगड्यात गुंडाळून कडेवर घेतेस आणि मला म्हणतेस, चल. मी मराठी शाळेतली, म्हणून दुभाषी. तुझा हिशोब सरळ होता. साडीत दोष निघाला तर गिऱ्हाईक तुझ्याच दारात यायचं, सुताच्या व्यापाऱ्याकडे कुणी जायचं नाही. पैसे तू घेतले, तर दोष तू निस्तरायचा. तोच नियम तू पोस्टाला लावलास.

"बाई, हे इथं कशाला आणलंत?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"पैसे तुमी घेतलं की. ह्यात आमचं कायबी लागत न्हाय."

लायसन म्हणजे फक्त ऐकायची परवानगी, कार्यक्रमांशी पोस्टाचा काही संबंध नाही, असं त्यांनी समजावलं.

"कान माझं, बॅटरी माझी. परवानगी कशाची?"

रांगेतली माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोस्टमास्तर म्हणाले, कार्यक्रमाचं सगळं दिल्लीला ठरतं.

"दिल्लीला पैसे कोन पाठवतंय?"

"आम्हीच पाठवतो."

"मग माझं बोलणंबी पाठवा की."

त्यांनी हातातला शिक्का बाजूला ठेवला. मग म्हणाले, तशी सोय नाही, अर्ज करा, इंग्रजीत.

अर्ज झाला. तू तेलुगूत सांगितलंस, मी मराठीत लिहिलं, शाळेतल्या बाईंनी इंग्रजी केलं. 'माझ्या बापाची दुपार सरत नाही' हे तुझं वाक्य तिकडे पोचेपर्यंत काय होऊन गेलं असेल, कोण जाणे. उत्तर आलं तेव्हा आजोबा जाऊन महिना झाला होता. सूचना विचाराधीन आहे, असं त्यात होतं. अजून संताप येतो मला. रोज अर्धा तास एका म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत कुणी बोललं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं?

तरी पुढच्या वर्षी तू लायसन भरायला निघालीस. मी भांडले, आता कुणासाठी? तू म्हणालीस, "भरलं नाही तर भांडायला कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि गेलीस, दरवर्षी गेलीस. तुला रांगेत बघितलं की पोस्टमास्तर पाणी प्यायला उठायचे.

तू गेल्यावर लायसनही बंद झालं. लोकांना बरं वाटलं. मला नाही वाटलं, कारण त्याबरोबर ती खिडकीही गेली. आता भांडायचं तरी कुणाशी? म्हणून आज बैठकीत हट्टाने उठले आणि म्हटलं, आमच्या पेठेत घरोघरी तेलुगू बोलतात, म्हाताऱ्या बायका टीव्हीपुढे मुक्यासारख्या बसून असतात, त्यांच्यासाठी काही दाखवा. पहिल्यांदाच साहेबांनी पेन उघडलं. "मागणी दिसली पाहिजे," म्हणाले. "तुम्हीच अर्ज लिहून द्या ना. तेलुगूतच द्या, म्हणजे वरती वजन पडेल." कागदही पुढे केला.

मी तो तसाच परत दिला, अम्मा. मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. हेसुद्धा मी मराठीतच लिहिलंय, आणि मराठी तुला वाचता येत नव्हतं.